ऐकण्याचा परवाना

आमचे वडील गेल्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा तिच्यात जपून ठेवलेले चार कागद निघाले. गिरणीचा पास, रेशनकार्ड, आमचा शाळा सोडल्याचा दाखला आणि एक लहानसे पुस्तक. पुस्तकावर वडिलांचे नाव, चाळीचा नंबर, खोलीचा नंबर आणि आत चिकटवलेल्या तिकिटांवर पोस्टाचे शिक्के. ते पुस्तक आम्ही अजून ठेवले आहे. परवा नातवाने विचारले, "आजोबा, हे कसलं पुस्तक?" आम्ही म्हणालो, "रेडिओचे लायसन." तो हसायलाच लागला. बंदुकीला लायसन असते, गाडीला असते. रेडिओला कशाला?

त्याचे हसणे खरे आहे. पण एक काळ होता, घरात रेडिओ असला की त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे आणि दरवर्षी पैसे भरून तो नवा करून घ्यावा लागे. आमच्या घरी वर्षाला पंधरा रुपये भरले जात. शिक्का मारलेले पुस्तक घरात जपून ठेवावे लागे, कारण तपासनीस आला तर ते दाखवावे लागे. १९८० च्या दशकात हा परवाना बंद झाला. तोवर आमच्या घरातला रेडिओही गेला होता. तो कसा गेला ते पुढे सांगूच. रेडिओ गेला, परवाना मात्र पेटीत राहिला. आणि त्या पुस्तकाकडे पाहताना आम्हाला वाटत आले की हा परवाना फक्त ऐकण्याचा होता. बोलण्याचा परवाना आमच्या वस्तीला कोणी दिला नाही.

आज रेडिओच्या आठवणी काढणारे खूप लेख छापून येतात. सकाळचा मंगल सूर, आईची कामाची गडबड, रविवारची श्रुतिका, बिनाका गीतमाला. त्या आठवणी गोड आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच आमच्याही आहेत. पण त्या लेखांत रेडिओ नेहमी दिवाणखान्यात असतो. आमचा रेडिओ दिवाणखान्यात नव्हता. तो आधी चावडीवर होता, मग इराण्याच्या हॉटेलात होता आणि फार उशिरा आमच्या फळीवर आला. म्हणून आमची आठवण थोडी वेगळी आहे. ती आपल्या वाचकांपुढे मांडावी, कारण त्यांच्यापैकी अनेकांची ती असणार.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. वडील मुंबईला गिरणीत. आई, आजी आणि आम्ही भावंडे गावी. १९६० च्या सुमाराची गोष्ट. चावडीत लाकडी पेटीत रेडिओ होता. पेटीला कुलूप आणि किल्ली चावडीवरच्या माणसाकडे. संध्याकाळी पेटी उघडली जाई. भिंतीवरच्या भोंग्यातून शेतीच्या गोष्टी, बाजारभाव, बातम्या आणि कधी एखादे लोकगीत बाहेर पडे. गावची माणसे कट्ट्यावर बसत. आमची आजी आणि वस्तीतल्या बाया ओढ्याच्या अलीकडे लिंबाच्या झाडाखाली बसत. कट्ट्यावर जाऊ नको, असे आम्हाला कोणी दटावून सांगत नव्हते. आमच्या पायांनाच ते ठाऊक होते.

अस्पृश्यता घटनेने १९५० साली संपवली होती. १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला होता. १९५६ साली आमच्या वस्तीने बाबासाहेबांच्या मागे जाऊन बुद्धाचा धम्म घेतला होता. तरी कट्टा आणि लिंब यांच्यातले अंतर जिथल्या तिथे होते. आवाज मात्र ते अंतर ओलांडून यायचा. भोंग्याला कोण कुठे बसले आहे, हे कळत नव्हते. बातमी जितकी पाटलाच्या कानावर पडे तितकीच आमच्या आजीच्या कानावर पडे. आजी म्हणायची, "ह्या डब्याला बाटत नाही बघ." लहानपणी आम्हाला त्या वाक्याचे हसू येई.

पुणे केंद्र सुरू झाले १९५३ साली. १९५६ च्या सुरुवातीला युनेस्कोच्या मदतीने महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग झाला. गावोगाव वीसेक माणसांचे श्रोता मंडळ करायचे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीविषयक कार्यक्रम त्यांनी एकत्र ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. जगभरच्या प्रसारणाच्या पुस्तकांत हा पुणे प्रयोग म्हणून नोंदला गेला आहे. प्रयोग चांगलाच होता. श्रोत्याने नुसते ऐकू नये, उलट बोलावे, हा त्यातला विचार काळाच्या पुढचा होता. पण आमच्यासारख्यांना एक प्रश्न पडतो. ज्या गावात चावडीच्या कट्ट्यावर बसण्याची चोरी, त्या गावात चर्चेच्या वर्तुळात आमची किती माणसे बसली असतील? आणि बसलेल्याने तोंड उघडले असेल काय? बिनजमिनीच्या माणसाला सुधारित बियाण्याबद्दल काय मत असणार, असेही गावाला वाटले असेल.

त्याच वर्षातली वडिलांनी सांगितलेली गोष्ट आम्ही कधी विसरलो नाही. ६ डिसेंबर १९५६. वडील नायगावला बीडीडी चाळीत दहा-बारा जणांच्या खोलीत राहत. त्यांच्यापैकी कोणाकडेही रेडिओ नव्हता. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे होता. वडील चहा पीत बसले होते. दिल्लीहून बातमी आली. इराण्याने आवाज मोठा केला आणि उभाच राहिला. वडील सांगत, "कोणी रडलं नाही आधी. सगळे एकमेकांकडं बघत राहिले. मग एकानं कप खाली ठेवला आणि तो उठला, तसे सगळे उठले. पैसे कोणी दिले नाहीत, इराण्यानं मागितले नाहीत." पुढचे दोन दिवस काय झाले ते सर्वांना माहीत आहे. बाबासाहेबांचे पार्थिव विमानाने मुंबईत आले आणि ७ तारखेला दादरच्या समुद्रकिनारी अवघी मुंबई लोटली. लाखो माणसांपर्यंत ती बातमी पोहोचली, त्यांतल्या कितीतरी जणांना ती अशाच परक्याच्या रेडिओवरून कळली असणार.

बाबासाहेब स्वतःही रेडिओवर बोलले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री असताना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी मुंबई केंद्रावरून कामगारांच्या भूमिकेवर भाषण केले. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून त्यांनी आपले तत्त्वज्ञान काय, हे सांगितले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहे, हा त्या भाषणाचा गाभा. मे १९५६ मध्ये बीबीसीवरून त्यांनी आपल्याला बुद्धाचा धम्म का आवडतो, ते जगाला सांगितले. ही तिन्ही भाषणे आता ग्रंथांतून वाचायला मिळतात. पण त्या त्या दिवशी ती कोणी ऐकली? ज्यांच्यासाठी तो माणूस आयुष्यभर झिजला, त्यांच्या घरी रेडिओ नव्हता. बाबासाहेब रेडिओवर बोलत होते आणि आमची वस्ती लिंबाखाली बसली होती.

१९६४ साली आम्ही मुंबईला आलो. १६० चौरस फुटांची खोली, माणसे नऊ. दोन वर्षांनी वडिलांनी चोरबाजारातून जुना मर्फी आणला. ज्या दिवशी तो आला त्या दिवशी आईने खोली सारवल्यासारखी पुसून काढली. फळीवर एका बाजूला बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, दुसऱ्या बाजूला रेडिओ. गॅलरीत या खांबापासून त्या खांबापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून बांधली. बटण फिरवले की आधी दिवा लागे, मग काही क्षण काहीच नाही, मग खरखर आणि मग एकदम माणसाचा आवाज. त्या काही क्षणांत सारी गॅलरी श्वास रोखून उभी असे.

त्या रेडिओने आम्हाला पुष्कळ दिले, हे मान्य केलेच पाहिजे. आई शाळेत गेली नव्हती. तिची शाळा म्हणजे दुपारचे 'वनिता मंडळ'. मुलाला हगवण लागली तर काय पाजावे, हे तिला रेडिओने शिकवले आणि तिने साऱ्या चाळीला शिकवले. वडिलांची पहिली पाळी सुटली की संध्याकाळी 'कामगार सभा'. त्यात आपली गोष्ट चालली आहे, असे वाटे. 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आम्हाला सख्ख्या काकासारखे. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी. १९५२ ते ६२ या काळात माहिती व प्रसारण मंत्री असलेल्या बाळकृष्ण केसकरांनी सिनेमाच्या गाण्यांना आकाशवाणीतून जवळजवळ हद्दपार केले, तेव्हा ती गाणी रेडिओ सिलोनवर गेली आणि सारा देश शॉर्टवेव्हच्या खरखरीत कान लावून बसला. लोकांना जे हवे होते ते परक्या देशातून येऊ लागले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले. 'बहनो और भाइयो' म्हणताना ते बहिणींना आधी हाक मारत, ही गोष्ट आमच्या आईच्या लक्षात आली होती.

सकाळी केंद्र सुरू होताना जी धून वाजते, तीही आमच्या कानात घर करून आहे. नाझींच्या काळात युरोप सोडून मुंबईत आसरा घेतलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची ती रचना मानली जाते. घरादाराला पारखे झालेल्या माणसाच्या सुरांनी या देशाची सकाळ वर्षानुवर्षे उजाडली. हे कळले तेव्हा आम्हाला ती धून आणखी जवळची वाटली.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की त्या पेटीतून सगळे जग यायचे, आमची वस्ती तेवढी यायची नाही. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. वर्षभर दर आठवड्याला एक, अशी ५६ गीते झाली. त्याची थोरवी कमी करण्याचे आम्हाला कारण नाही. आमच्याच चाळीत ती गाणी गुणगुणणारे होते. पण त्याच वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत, चाळीचाळींत दुसरी एक गाण्यांची चळवळ चालली होती. वामनदादा कर्डक डफ आणि शब्द घेऊन गावोगाव फिरत होते. जलशांतून, कव्वालीच्या सामन्यांतून भीमगीते जन्माला येत होती. त्या गाण्यांनी निरक्षर माणसाला घटना म्हणजे काय, शिक्षण म्हणजे काय, धर्मांतर कशासाठी, हे शिकवले. इतिहास घडत होता आणि त्याचा आवाज लाऊडस्पीकरवर होता, रेडिओवर क्वचितच. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी आमच्या मर्फीवर सकाळी लागत. त्याच प्रल्हाददादांची भीमगीते ऐकायला आम्हाला १४ एप्रिलच्या मंडपात जावे लागे. गळा एकच. एका गाण्याला सकाळ मिळाली, दुसऱ्याला मंडप.

आता पेटीची गोष्ट ऐका. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्या जलशाचा, भजनी मंडळाचा आणि कव्वालाचा हा सगळ्यात जवळचा सोबती. गरिबाला परवडणारा आणि एकदा घेतला की पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने या हार्मोनियमवर बंदी घातली. तिच्यावर भारतीय संगीतातल्या श्रुती नीट निघत नाहीत, ती परदेशी आहे, असे कारण होते. बंदी टिकली १९७१ पर्यंत. म्हणजे इंग्रज गेले, घटना आली, प्रजासत्ताक वीस वर्षांचे झाले, तरी पेटीला रेडिओचे दार बंद! शास्त्रीय संगीतातल्या मोठमोठ्या लोकांनाही ही बंदी खुपली. पण त्यांच्यापाशी सारंगी होती, तंबोरा होता. ज्याच्याकडे पेटीशिवाय दुसरे काही नव्हते, त्या शाहिराने काय करावे?

त्या शाहिराला आम्ही काका म्हणत असू. चाळीत आमच्या शेजारच्याच खोलीत राहत. नात्याचे नव्हते, पण काकाच. गिरणीत वडिलांबरोबर त्रासन खात्यात. साचा खात्यात का नाही, असे नव्या वाचकाला वाटेल. साचा खात्यात पगार जास्त होता, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा कसा चालणार? म्हणून आमच्या माणसांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता. आमच्या लहानपणी ती बंदी उघडपणे राहिली नव्हती, पण काका ज्या खात्यात लागले तिथेच राहिले.

काका लिहीत आणि गात. आवाज असा की डोळे मिटून ऐकावे. चाळीतल्या पोरांनी हट्ट केला, काका, रेडिओवर जा. १९५२ पासून रेडिओवर गायचे तर आवाजाची परीक्षा द्यावी लागे. काकांनी अर्ज केला. सहा महिन्यांनी कार्ड आले. ते साल १९६९. आमच्या वडिलांचा पांढरा सदरा आणि दुसऱ्या कोणाचे बूट घालून काका एका केंद्रावर गेले. पेटी न्यायची नव्हतीच. ढोलकीवाला बरोबर नेला होता, तो बाहेर बसला. आत काकांनी दोन लोकगीते म्हटली. संध्याकाळी सारी गॅलरी वाट बघत होती. काका आले, बूट काढले आणि म्हणाले, "त्यांना माझा गळा आवडला. तोंड नाही आवडलं."

झाले असे होते की आतल्या एका गृहस्थांनी त्यांना सौम्यपणे समजावले होते. आवाज चांगला आहे, पण उच्चार शुद्ध नाहीत. 'पाणी' म्हणायला हवे, तुम्ही 'पानी' म्हणता. 'न' आणि 'ण' यांवर मेहनत घ्या आणि पुन्हा या. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांना जे नियम दिले होते ते त्यांनी सांगितले. काकांनी त्यांना जे उत्तर दिले ते मात्र पुढे चाळीत म्हणीसारखे झाले. ते म्हणाले, "साहेब, आमाला पानीच कधी सरळ मिळालं नाही, ण कुठनं मिळणार?" पंधरा दिवसांनी छापील पत्र आले. आपला आवाज प्रसारणयोग्य आढळला नाही, अशा अर्थाचे. काकांनी ते पत्र चौकटीत लावून भिंतीवर टांगले. विचारणाऱ्याला सांगत, "हे माझं सर्टिफिकेट."

आम्ही तेव्हा सोळा वर्षांचे होतो आणि त्या पत्रावर आम्हीही हसलो. वय वाढले तसे त्या हसण्याची लाज वाटू लागली. गिरणीत आमच्या माणसाचे तोंड धाग्याला चालले नाही. इथे तेच तोंड मायक्रोफोनला चालले नाही. आणि गंमत पाहा. वर्षानुवर्षे रेडिओ ऐकून आम्ही 'पाणी' म्हणायला शिकलो. नोकरी लागली, त्यात या शुद्ध उच्चाराचा वाटा होता. आमच्या घरातली आजीची बोली मात्र आमच्या तोंडून गेली. ऐकण्याचा परवाना पंधरा रुपयांचा होता, असे आम्ही वर म्हटले. पूर्ण किंमत पंधरा रुपयांहून जास्त होती.

अपवाद झाले नाहीत असे नाही. लोकशाहीर विठ्ठल उमप यांच्यासारखा माणूस आकाशवाणीवरही गायला आणि चळवळीच्या मंचावरही. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर गाता गाताच ते गेले. कामगार आणि ग्रामीण कार्यक्रमांत मनापासून काम करणारी माणसेही होती. पण अपवादाने दार किलकिले होते, उघडत नाही.

बातम्यांचे म्हणाल तर रेडिओने आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. काय सांगितले जाते यापेक्षा काय सांगितले जात नाही, ते ऐकायला. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा आम्ही रेडिओवरच ऐकली. त्यानंतर कुटुंबनियोजनाच्या शिबिरात ट्रान्झिस्टर बक्षीस मिळतो, असे चाळीत बोलले जाऊ लागले आणि रेडिओकडे बघून बाया एकमेकींना डोळे मिचकावू लागल्या. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी गेल्याचे लोकांना बीबीसीवरून दुपारीच कळले. आकाशवाणीने संध्याकाळी सांगितले. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मग मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. त्या दिवसांत आमची गॅलरी रात्रंदिवस बातम्यांपाशी बसून होती. तिकडे नातेवाईक होते. बातमी दोन ओळींची येई, आकडे येत, गावांची नावे येत नसत. खरे काय झाले ते पळून आलेल्या माणसांकडून कळले. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. ती बातमी रेडिओवर ऐकली तेव्हा आईने साखर वाटली.

पण ती बातमी मर्फीवर ऐकली नव्हती. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आधी आईची डोरली गेली, मग तांब्या-पितळेची भांडी. पावसाळ्याच्या तोंडाला मर्फी गहाण पडला. वडील त्याला फडक्यात बांधून घेऊन गेले, जसा मूल खांद्यावर घ्यावा तसा. तो परत आला नाही. संप संपला असे कोणी जाहीर केलेच नाही, गिरणीही पुन्हा धडपणे चालली नाही. फळीवर रेडिओच्या जागी चौकोनी डाग राहिला. पुढे आम्ही नोकरीतून एक लहान ट्रान्झिस्टर घेतला. त्याचे सेल उतरले की आई ते उन्हात ठेवी आणि आणखी दोन दिवस चालवी.

त्या ट्रान्झिस्टरवरची एक आठवण सांगून मुद्द्यावर येतो. बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष होते, १९९०-९१. एका सकाळी रेडिओवर त्यांच्या घटना परिषदेतील भाषणाचा तुकडा लागला. इंग्रजी होते. आईला काही कळले नाही, पण तिने गॅस बंद केला. वडील भिंतीला टेकून बसले होते. २४ मे १९५६ रोजी परळच्या नरे पार्कवर बाबासाहेबांनी ऑक्टोबरमध्ये धर्मांतर करणार असल्याचे जाहीर केले, त्या सभेला वडील हजर होते. तुकडा मिनिटभराचा असेल. संपल्यावर आम्ही विचारले, "दादा, हाच का आवाज?" ते म्हणाले, "हाच. पण नरे पार्कात याहून जवळ वाटला होता." आम्ही आयुष्यात बाबासाहेबांचा आवाज प्रथम ऐकला तो असा, त्यांच्या परिनिर्वाणानंतर तीसहून अधिक वर्षांनी.

तो ऐकू आला, कारण कोणीतरी तो ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. काकांचा आवाज कोणी ठेवला नाही. आमच्या धाकट्या भावाने १९८६ च्या सुमारास उसन्या टेपरेकॉर्डरवर त्यांची एक कॅसेट भरली होती. ती आमच्याकडे आहे. मध्ये रॉकेलच्या स्टोव्हचा आवाज आहे, पोर रडते आहे आणि टेप गुंतल्यामुळे तिसऱ्या गाण्याच्या मध्यापासून नुसती खरखर आहे. शंभरावर गाणी लिहिलेल्या माणसाची अडीच गाणी उरली. काका १९९१ साली गेले. वही त्यांच्या मुलांनी चाळ सोडताना कुठे ठेवली, ते मुलांनाही आठवत नाही.

दरम्यान देशात पुष्कळ बदलले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ध्वनिलहरी या सार्वजनिक मालमत्ता आहेत. त्यांवर सरकारचीही मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्यांचीही असता कामा नये. ज्या पीठाने हा निकाल दिला त्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, हे महाराष्ट्राला अभिमानाचे. चवदार तळ्याचे पाणी सार्वजनिक आहे, हे आपण १९२७ साली हाताने सांगितले होते. हवेतल्या लहरी सार्वजनिक आहेत, हे न्यायालयाने सांगितले. पण त्या तळ्यावर आपण गेलो का? पैसेवाले गेले. २००१ पासून खासगी एफएम आले. ते दिवसभर हसते, गाते, घराच्या जाहिराती करते. स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी त्यालाही नाही.

२००६ साली सरकारने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा दिली. त्याचा पहिला मोठा उपयोग कोणी केला? आपल्या शेजारच्या तेलंगणात जहिराबादजवळच्या दलित बायांनी. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघम रेडिओचे २००८ साली अधिकृत प्रसारण सुरू झाले. शेतमजूर आणि अल्पभूधारक बाया तिथे आपल्या बोलीत बियाण्यांबद्दल, सणांबद्दल, आजारांबद्दल बोलतात आणि गातात. यंत्रे चालवणाऱ्या दोघी मुलींचे नाव एकच, नरसम्मा. तिथे उच्चाराची परीक्षा नाही. जे आमच्या काकांना शहरातल्या केंद्रावर जमले नाही, ते तिथल्या बायांनी आपल्या गावात करून दाखवले.

आणखी एक उदाहरण आपल्याच घरचे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या आज एक लाखाहून अधिक आहेत. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी म्हटलेल्याही आहेत. ध्वनिमुद्रण झाले म्हणून त्या आज कोणालाही ऐकता येतात. त्या बायांकडे कोणी 'न' आणि 'ण' तपासायला गेले नाही, ऐकायला गेले.

म्हणून आमचे वाचकांना सांगणे आहे. आता परवाना नाही, पंधरा रुपये नाहीत, सहा महिन्यांनी येणारे कार्ड नाही. आवाज मुद्रित करणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. आणि आपण त्यावर काय करतो? दुसऱ्यांनी पाठवलेले ऐकतो आणि पुढे पाठवतो. म्हणजे ऐकण्याचाच परवाना अजून वापरतो आहोत. मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपणे गेल्या काही वर्षांत बंद झाली. रेडिओ बदलतो आहे, ते होणारच. पण ज्यांनी बाबासाहेबांना पाहिले, दीक्षाभूमीवर जे लहान मूल म्हणून कडेवर होते, नामांतरात ज्यांची घरे जळाली, जलशात ज्यांनी कोरस धरला, ती माणसे आज म्हातारी झाली आहेत. प्रत्येक वस्तीत एखादी आजी आहे जिला पन्नास ओव्या येतात. प्रत्येक विहाराच्या मागे एखादा म्हातारा शाहीर आहे ज्याची वही पेटीत आहे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की त्यांना बसवा. पंखा बंद करा, पोरांना गप्प करा आणि मोबाइल समोर ठेवा. आधी नाव, गाव, साल त्यांच्याच तोंडून घ्या. मग त्यांना जसे बोलता येते तसे बोलू द्या. 'पानी' म्हणाले तर दुरुस्त करू नका. मुद्रण झाल्यावर त्याची एक प्रत त्यांच्या घरी, एक विहारात आणि एक दुसऱ्या गावी ठेवा, म्हणजे एक हरवली तर दुसरी राहील. जिथे संघटना भक्कम आहे, तिथे सामुदायिक रेडिओसाठी अर्ज करण्याचा विचार जरूर व्हावा.

आम्ही सुरुवात केली आहे. गेल्या महिन्यात काकांच्या थोरल्या मुलीला गाठले. तिचे वय पंच्याहत्तर. वही सापडली नाही, पण वडिलांची अकरा गाणी तिला तोंडपाठ निघाली. ती गात होती आणि आमचा नातू मोबाइल धरून बसला होता. गाणे संपल्यावर त्याने विचारले, "आजी, हे आधी कुठं लागलं होतं का, रेडिओवर वगैरे?"

ती म्हणाली, "नाही रे. आता लाव तू."

जय भीम!